बळी कोण? मराठी कथा-कादंबरीतलं रान, पाणी आणि माणूस

२०२१ च्या जुलैत हिरण्यकेशी नदी भडगावच्या पुलावर आली, तेव्हा निम्म्या गडहिंग्लजसारखा मीही छत्री घेऊन पाणी बघायला गेलो होतो. पूर बघायला जाणं हा आमच्याकडचा जुना उद्योग आहे. त्यात भीती असते आणि, खोटं कशाला बोला, थोडी जत्राही असते. रस्त्यावर दोरी बांधलेली होती. दोरीच्या कडेला, पाण्यापासून हातभर अंतरावर एक म्हातारा उकिडवा बसला होता. अंगावर युरियाच्या पोत्याची खोळ. त्यानं करंजाची एक फोक चिखलात रोवली होती आणि तो फोकीकडं बघत होता. नदीकडं त्याचं लक्षही नव्हतं. मी विचारलं, "काय आजोबा, चढतंय का उतरतंय?" मान वर न करता तो म्हणाला, "दोन बोटं चढलंय. तरण्याला जमलं न्हाई, ते म्हाताऱ्यानं केलं." तरणा म्हणजे पुनर्वसूचा पाऊस, म्हातारा म्हणजे पुष्याचा. थोड्या वेळानं त्यानं फोक उपटली, चार पावलं मागं आला, पुन्हा रोवली आणि पुन्हा बसला.

त्याच आठवड्यात मी मुलांसाठी एक टिपण काढत होतो. कथा-कादंबरीतले संघर्ष किती प्रकारचे, हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न. माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध स्वतः. तिसऱ्या प्रकाराला उदाहरणं द्यायची वेळ आली आणि माझी लेखणी अडली. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी लगेच आठवला, जॅक लंडन आठवला. मराठीतलं कोण? दुष्काळाच्या, पावसाच्या, रानाच्या कादंबऱ्या आपल्याकडं ढिगानं आहेत. पण त्यातला माणूस निसर्गाच्या 'विरुद्ध' उभा आहे असं छातीठोकपणे म्हणावं, तर फोक घेऊन मागं सरकणारा तो म्हातारा डोळ्यांसमोर येत होता. त्याला त्या 'विरुद्ध' मध्ये कुठं बसवायचं? तेव्हापासून ह्या एकाच प्रश्नापायी जुनी पुस्तकं पुन्हा काढून वाचतो आहे. हा आढावा त्यातून झालेला.

आधी ह्या 'विरुद्ध' मागच्या त्या प्रसिद्ध वाक्प्रचाराचा हिशेब मिटवू. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हे शब्द मुळात डार्विनचे नाहीत. हर्बर्ट स्पेन्सरनं ते १८६४ मध्ये वापरले आणि डार्विननं आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत ते उचलले. त्यातला 'फिट' म्हणजे ताकदवान नव्हे. आपण सदरा अंगाला फिट बसला म्हणतो, तो हा फिट. कापड किती भारी, ह्याला किंमत नाही. अंगाला बसलं का, एवढंच. पण आपण तब्येतही फिट म्हणतो, आणि जगानं डार्विन वाचला तो ह्या दुसऱ्या अर्थानं. आगरकरांच्या पिढीनं स्पेन्सर आवडीनं वाचला, 'जीवनकलह' हा शब्द मराठीत रुळला, आणि रोजच्या बोलण्यात त्याचं भाषांतर आधीच तयार होतं: बळी तो कान पिळी.

इथं मराठीनं एक गंमत करून ठेवली आहे. बळी म्हणजे बलवान. बळी म्हणजे पाताळात घातलेला राजा, ज्याचं नाव आम्ही शेतकऱ्याला देतो आणि दिवाळीत 'इडा पीडा टळो' म्हणून ज्याची वाट बघतो. आणि बळी म्हणजे ज्याच्या मानेवर सुरी फिरते तो. तीन अर्थ, एकच उच्चार. आमच्याच गडहिंग्लज तालुक्यातले राजन गवस ह्यांनी शेतकऱ्यांवरच्या कादंबरीला 'ब बळीचा' हे नाव दिलं, तेव्हा हे तिन्ही अर्थ एकदम कानात वाजतात. ह्याच गवसांच्या ज्या कादंबरीला २००१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तिचं नाव 'तणकट'. कादंबरी गावातल्या जातीच्या राजकारणाची आहे, तणांची नाही. मला इथं हवा आहे तो नुसता शब्द.

कारण शेतात सगळ्यांत 'फिट' कोण असतं? तण. पेरावं लागत नाही, खत लागत नाही, पाऊस चुकला तरी तगतं, उपटलं तरी मुळाच्या एका तुकड्यावर परत उभं राहतं. हरळी आणि लव्हाळा ज्यानं खुरप्यानं काढला आहे, त्याला स्पेन्सर समजावून सांगायची गरज नाही. जोंधळा, भुईमूग, भाताचा तरवा ही सगळी लाडावलेली, एकटी सोडली तर आठ दिवसांत हरणारी मंडळी. शेतकऱ्याचा जन्म जातो तो ह्या दुबळ्यांची बाजू घेण्यात. भांगलण म्हणजे तेच, लायकाला उपटून नालायकाला जागा करून देणं. अशा माणसांच्या मुलांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या लेखनात 'जो टिकेल तोच खरा' हे तत्त्वज्ञान सहज का शिरलं नाही, ह्याचं एक उत्तर मला बांधावरच सापडतं.

दुसरं उत्तर नदीत आहे. हिरण्यकेशी उगवते आंबोलीत. तिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गडहिंग्लजला येईपर्यंत तो हजाराच्या आतबाहेर, आणि संकेश्वरकडं गेलं की आणखी विरळ. दीड-दोन तासांच्या एसटी प्रवासात माणूस इरल्यातून उन्हात येतो. आजऱ्याचा घनसाळ भात आणि आमच्या बाजारातली जवारी मिरची एकाच नदीच्या काठची, पण त्यांचं आभाळ वेगळं. पाऊस म्हणजे एक गोष्ट आहे, असं इथला लेखक म्हणूच शकत नाही. वळीव वेगळा, मृग वेगळा, झड वेगळी. शंकर पाटलांच्या पहिल्या गाजलेल्या कथासंग्रहाचं नाव 'वळीव', कृष्णात खोतांच्या कादंबरीचं नाव 'झड-झिंबड'. शत्रूला इतकी बारकी, लाडीक नावं कुणी ठेवत नाही.

मराठी कथेत निसर्गाचा कोप आला तो आधी दुष्काळाच्या रूपानं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांची सावली हरिभाऊ आपट्यांच्या 'काळ तर मोठा कठीण आला' ह्या कथेवर आहे. पुढं र. वा. दिघ्यांनी 'पाणकळा' (१९३९) आणि 'पड रे पाण्या' मध्ये शेतकऱ्याचं आभाळाकडं लागलेलं तोंड मुख्य विषय केलं. दिघे आज फारसं कुणी वाचत नाही. त्यांच्या कथानकात अद्भुताचा, मारामारीचा मसाला जास्त आहे हे खरं, पण शेतात काम करताना पाठ कशी दुखते हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांच्या आधीच्या बऱ्याच जणांना ते नव्हतं. कोकणच्या लेखकांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिथं समुद्र, खाडी, जंगल असूनही झुंज बहुतेक माणसांतच राहते. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' मध्ये जगबुडी नदी चार पिढ्या वाहते, पण घर बुडतं ते खोतांच्या स्वभावात. गो. नी. दांडेकरांचा 'माचीवरला बुधा' उलट दिशेचा. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला म्हातारा झाडाझुडपांत, जनावरांत जवळजवळ विरघळून जातो. पुस्तक सुंदर आहे. मात्र दांडेकरांचं रान जरा जास्तच शहाणं वागतं, असं मला दर वाचनात वाटत आलं आहे.

व्यंकटेश माडगूळकरांपाशी मात्र थांबावं लागतं. 'बनगरवाडी' (१९५५) सगळ्यांनी शाळेत चाखलेली असते. धनगरांची उजाड वाडी, नवा मास्तर आणि शेवटी पडणारा दुष्काळ. त्यातला नांगराचा प्रसंग विसरता येत नाही: बैल एकच, म्हणून जूच्या दुसऱ्या बाजूला बायको. पण शेवट नीट बघा. दुष्काळ आला म्हणून कुणी आभाळाला आव्हान देत नाही, कुणी छाती बडवत नाही. मेंढरं घेऊन माणसं एकेक करून चालू लागतात, वाडी ओस पडते. जगायला गेले. पाणी चढलं की मागं सरकायचं, पाणी आटलं की पुढं चालायचं. पाश्चात्त्य वाचकाला ही हार वाटेल. मेंढपाळाच्या हिशेबात ती वार्षिक रीत आहे, फक्त ह्या खेपेला जरा लांबलेली.

आणि मग १९८२ साली ह्याच माणसानं 'सत्तांतर' लिहिलं. माझ्या मते जीवनकलहावरचं मराठीतलं सगळ्यांत सरळ, सगळ्यांत निर्दय पुस्तक हेच. एकही माणूस नाही. वानरांच्या टोळ्या, त्यांचे मुलूख, एका म्होरक्याचं उतरतं वय आणि बाहेरून आलेले उपाशी तरणे नर. टोळी जिंकल्यावर नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो. हे लेखकाच्या डोक्यातून निघालेलं क्रौर्य नाही. वानरांतली ही शिशुहत्या शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नीट नोंदवली ती आमच्यापासून फार लांब नाही, धारवाडच्या जंगलात. युकिमारू सुगियामा हा जपानी संशोधक १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं वानरांच्या मागं हिंडत होता. पुढं सारा हर्डी ह्यांनी अबूच्या वानरांवर १९७७ साली पुस्तक लिहिलं आणि वाद पेटला: हा विकृतीचा प्रकार, की नव्या नराचा वंश वाढवायचा हिशेब? पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते. 'फिट' चा खरा अर्थ इथं हाताला लागतो. ज्याची पोरं मागं राहतात तो.

माडगूळकरांचं मोठेपण असं की ते हा हिशेब मांडत बसत नाहीत. ते फक्त बघतात. फांदी, शेपटी, दातांचा आवाज, मेलेलं पिल्लू छातीशी धरून दिवसभर फिरणारी आई. नाव 'सत्तांतर' असल्यामुळं आणीबाणीनंतरच्या वाचकांनी त्यात राजकारण शोधलं, अजूनही शोधतात. मुलांना शिकवताना हे मोडून काढायला मला फार कष्ट पडतात. सगळी वानरं कुणा ना कुणा पुढाऱ्याच्या नावावर लावून झाली, की पुस्तकातलं रान संपतं. वानर हे वानरच आहे असं मानून वाचलं तर अंगावर काटा येतो. पुस्तकाला १९८३ चा अकादमी पुरस्कार मिळाला, तरी त्याच्या वाटेनं पुढं फारसं कुणी गेलं नाही, ही मराठीची मोठी उणीव आहे. जनावराला जनावर म्हणून बघायला लागणारा धीर आणि वेळ आपल्या कादंबरीकारांनी कमीच काढला.

आता आमच्या पट्ट्यात येऊ. चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे रणजित देसाई 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' मुळं सर्वांना माहीत. त्यांची पहिली कादंबरी 'बारी' (१९५९) मात्र रानाची आहे. बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावरच्या घाटातल्या बेरडांची. रान होतं तोवर बेरड तिथं 'फिट' होते. वाट, झाडी, अंधार ही त्यांची ताकद. रान तुटत गेलं, कायदा आला, आणि तीच ताकद गुन्हा ठरली. माणूस बदलला नाही, त्याच्या भोवतालची जागा बदलली. डार्विनचं इतकं अचूक उदाहरण पाठ्यपुस्तकात मिळायचं नाही, आणि देसाईंनी ते डार्विनचं नाव न घेता लिहिलं. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या गर्दीत हे पुस्तक मागं पडलं, ह्याची मला हळहळ वाटते.

कागल इथून तासाभरावर. आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) तिथल्या बोलीत आहे, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. नारबा हा मळ्यातला गडी. मागं-पुढं कुणी नाही, लग्न नाही. त्याचा गोतावळा म्हणजे बैल, म्हशी, रेडकं, कोंबड्या, कुत्रं. मालक ट्रॅक्टर घेतो. मग बैल कशाला? बैल नाहीत तर वैरण कशाला, आणि वैरण काढणारा गडी तरी कशाला? एकेक जनावर दावणीवरून सुटतं. कादंबरीत पाऊस आहे, उन्हाळा आहे, मरणं आहेत, पण निसर्ग नारबाला मारत नाही. त्याला मारतो तो एक हिशेब. मालक वाईट माणूसही नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही ट्रॅक्टरच घेतला असता. परवा एका माजी विद्यार्थ्याच्या गोठ्यात गेलो होतो. गव्हाणीत खताची पोती रचलेली, दावणीच्या खुंट्याला मोटरसायकलचं हेल्मेट अडकवलेलं. दगडावर कासऱ्यानं पडलेली खाच तेवढी गुळगुळीत होती. 'गोतावळा' मला पुन्हा वाचावी लागली नाही, त्या खाचेवरून बोट फिरवलं.

यादवांच्याच आत्मकथनात्मक कादंबरीचं नाव 'झोंबी' (१९८७). कुस्तीचा, अंगाला अंग भिडण्याचा शब्द, आणि कोल्हापूर जिल्ह्यात तो उगाच वापरत नाहीत. पण झोंबी कुणाशी? शिकू पाहणारं पोरगं आणि त्याला मळ्यात जुंपणारा बाप. पाणी पाजायला रात्री मोटेवर उभं राहणं, ऊस, चिखल, थंडी हे सगळं आहे, तरी डाव चालतो तो घरात. निसर्ग त्या कुस्तीचा हौदा आहे. हौद्यातली माती अंगाला लागतेच, पण तिच्याशी कुणी कुस्ती खेळत नाही.

माणूस आणि रानटी जनावर खरोखर दातओठ खाऊन भिडले आहेत अशी एक कथा मराठीत आहे, आणि ती घडते मुंबईच्या वेशीवर. अण्णा भाऊ साठे ह्यांची 'स्मशानातील सोनं'. वारणेकाठचा भीमा, पहाडासारखा गडी, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. स्मशानातल्या राखेत त्याला सोनं सापडतं आणि तो मढी उकरायला लागतो. एका रात्री त्याच मढ्यावर कोल्ह्यांचा कळप येतो. ते मांसासाठी, हा सोन्यासाठी. दोघंही उपाशी. ती मारामारी वाचताना 'जीवो जीवस्य जीवनम्' ह्या वचनातली सगळी आध्यात्मिक सजावट गळून पडते. भीमा कोल्ह्यांना हरवतो. बळी तो कान पिळी. पण पुढं त्याची बोटं मढ्याच्या दातांत अडकतात, ती कापावी लागतात, आणि त्याच सुमारास कळतं की खाण पुन्हा सुरू झाली. दगड फोडणारी बोटं तर गेली.

मला ही कथा जॅक लंडनच्या शेजारी ठेवून बघायला आवडते. लंडन स्पेन्सरचा भक्त. त्याच्या 'टू बिल्ड अ फायर' (१९०८) मध्ये युकॉनच्या थंडीत एकटा निघालेला माणूस शेकोटी पेटवता न आल्यानं गोठून मरतो आणि कुत्रं शांतपणे दुसऱ्या तळाकडं चालू लागतं. तिथं थंडी ही थंडीच आहे, तिच्यामागं कुणी नाही. अण्णा भाऊंच्या कथेत कोल्ह्यांच्या मागं खाणीचं कुलूप आहे. लंडनचा माणूस एकटा असतो कारण त्यानं म्हाताऱ्यांचा सल्ला ऐकला नाही. भीमा एकटा पडतो कारण त्याची हजेरी बंद झाली. ह्या दोन एकटेपणांत आपल्याकडच्या आणि तिकडच्या परंपरेतलं सगळं अंतर आहे. अण्णा भाऊंच्या 'फकिरा' तही हेच. दुष्काळानं गाव उपाशी आहे, पण धान्य कुठंतरी आहे, कोठारात कुलूपबंद. फकिराची लढाई पावसाशी होत नाही.

इथं आपल्याच बाजूची एक खोड मान्य केली पाहिजे. निसर्गाच्या मागं माणूस शोधायची सवय मराठी ग्रामीण कादंबरीला इतकी लागली, की पुढं पुढं पाऊस हा नुसता निमित्ताला उरला. दुष्काळ आला की तिसऱ्या पानावर सावकार किंवा सोसायटीचा चेअरमन येणार, हे वाचक आधीच ओळखतो. त्यातून चांगलं लेखन निघालं नाही असं नाही. भास्कर चंदनशिव ह्यांची 'लाल चिखल' घ्या. पाऊस झाला, पीक आलं, टोमॅटो लालबुंद पिकले, आणि बाजारात भाव नाही. बाप पाटीतला माल पायाखाली तुडवतो. निसर्गानं दिलं आणि बाजारानं घेतलं, हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नाही. सदानंद देशमुखांची 'बारोमास' तोच धागा विदर्भातल्या शिकलेल्या शेतकरीपुत्रापर्यंत नेते. पण ह्या वाटेवरच्या बाकी अनेक पुस्तकांत मातीचा वास जाहिरातीतल्यासारखा येतो. ढेकूळ फुटतं कसं, वाफसा म्हणजे नेमकी कोणती अवस्था, हे लेखकाला सांगता येत नसेल तर त्याच्या शेतकऱ्याच्या मरणावर तरी मी कसा विश्वास ठेवू?

भाषांतरांनी ह्यात काही भर घातली का? घातली. हेमिंग्वेच्या १९५२ च्या कादंबरीचं पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' केलं. त्याहून मला मोलाचं वाटतं ते जी. ए. कुलकर्ण्यांचं काम. धारवाडला बसून त्यांनी कॉनरॅड रिक्टरच्या तीन कादंबऱ्या 'रान', 'शिवार', 'गाव' अशा मराठीत आणल्या. ओहायोच्या घनदाट जंगलात शिरलेलं एक कुटुंब. तिथं झाड हा खराच शत्रू आहे. ऊन जमिनीपर्यंत पोचू न देणारा, माणसाला गिळून टाकणारा. कुऱ्हाड म्हणजे जगणं. आणि सगळं तोडून झाल्यावर, गाव वसल्यावर, म्हातारपणी त्याच बाईला झाडांची आस लागते. जी. एं.नी शब्द निवडले ते 'रान' आणि 'शिवार', जंगल आणि शेतं असे नाहीत. त्या दोन शब्दांमुळं अमेरिकन कथा आपल्या बांधावर येऊन बसते. माणूस विरुद्ध निसर्ग हा संघर्ष कसा असतो हे ज्याला मराठीत वाचायचं आहे, त्यानं इथून सुरुवात करावी. आपल्याकडं तो तसा नव्हता, हेही तिथंच कळतं. सह्याद्रीतला माणूस रिकाम्या जंगलात उपरा म्हणून शिरला नव्हता. प्रत्येक राईला देव होता आणि प्रत्येक झऱ्यावर कुणाचा तरी हक्क.

कोल्हापुरातच जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या 'हिमप्रलय' चाही इथं उल्लेख हवा. मुंबईत बर्फ पडतो. निसर्ग खरोखरचा प्रतिस्पर्धी, आणि त्याच्याशी सामना विज्ञानाच्या हिशेबानं. व्यक्तिचित्रण पुठ्ठ्याचं आहे हे खरं, पण पृथ्वीला आपली पर्वा नाही ही गोष्ट त्यांनी मराठी वाचकाला आधी सांगितली. आमच्या ग्रामीण कादंबरीला ती कधीच पटली नव्हती.

धरणांनी सगळंच उलटंपालटं केलं. आता पाणी आभाळातून येत नव्हतं, सरकारी आदेशानं चढत होतं. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१) ही विस्थापितांची महाकादंबरी, महसूल खात्यातल्या कागदाची वळणं आतून माहीत असलेल्या माणसानं लिहिलेली. तिच्यात जांभळीचं धरण आहे, पुनर्वसनाची फरफट आहे, आणि संताप पानोपानी. पण मी ज्या गोष्टीच्या शोधात होतो ती मला मिळाली पन्हाळा तालुक्यातल्या कृष्णात खोतांच्या 'रिंगाण' मध्ये, जिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

गोष्ट एका ओळीची. धरणात गाव गेलं, माणसं लांब उठून गेली, काही जनावरं मागंच राहिली. वर्षं गेली. मागं राहिलेल्या म्हशी रानटी झाल्या. त्यातली आपली म्हैस परत आणायला एक माणूस त्या सोडलेल्या मुलखात शिरतो. एवढंच. 'एका कोळियाने' ची आठवण व्हावी अशी ही मांडणी, एक माणूस, एक जनावर आणि भोवती अफाट काहीतरी. पण कोळी आणि मासा एकमेकांना पहिल्यांदाच भेटत असतात. इथं म्हशीनं ह्या माणसाच्या घरात दूध दिलेलं आहे, त्यानं तिला हाक मारलेली आहे. ती हाक तिला आता ओळखू येते का, आणि आली तर तिनं का ऐकावी? शेतकऱ्यानं जन्मभर ज्या दुबळ्यांची बाजू घेतली, त्यातली एक दुबळी सोडून दिल्यावर रानाला फिट बसली. शिंगं वापरायला शिकली, वाघाचा वास ओळखायला शिकली. आणि माणूस? नव्या वसाहतीतल्या पत्र्याच्या घरात तो कशालाच फिट बसलेला नाही. तो म्हशीला सोडवायला गेलेला नाही, तिच्याकडून काहीतरी मागायला गेला आहे असं वाटत राहतं. खोतांची भाषा दाट आहे, बोली अवघड आहे, शहरी वाचक पहिल्या वीस पानांत अडखळतो. अडखळू दे. त्या रानात सरळ वाट असती तर म्हैस केव्हाच परत आली असती.

क्रोपोट्किननं सायबेरियातले प्राणी बघून १९०२ साली सांगितलं होतं की कठीण हवामानात टिकतात ते एकमेकांना धरून राहणारे. मराठीत ह्याला गोतावळा म्हणतात. नारबाचा सुटला, 'रिंगाण' च्या माणसाचा पाण्याखाली गेला. ज्या पुस्तकांत माणूस तगतो, तिथं गोतावळा असतो.

एक मोठं भगदाड मात्र मला भरता आलेलं नाही. दुष्काळावर इतकं लिहिलं गेलं, मग पुरावर का नाही? २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता, पंचगंगा कोल्हापूर शहरात होती, ताम्रपर्णी कोवाडच्या बाजारपेठेत. ह्या तिन्ही पुरांना पुरून उरेल अशी कादंबरी माझ्या वाचनात नाही. मला वाटतं, अडचण कादंबरीच्या चालीची आहे. दुष्काळ हळू येतो, पात्रांना वाढायला, भांडायला, लग्नं करायला वेळ देतो. पूर चार दिवसांत संपतो. त्याचं खरं दुखणं सुरू होतं पाणी ओसरल्यावर, आणि त्यात नाट्य काहीच नाही. ओळखीच्या एका घरात मी दोन दिवस गाळ काढायला गेलो होतो. चिखल लोण्यासारखा मऊ, आणि वास असा की तो जेवणात येतो. कपाटाचं दार फुगून बसलेलं. ते पहारीनं उघडलं तेव्हा आतून लग्नाचा शालू, रेशनकार्ड आणि पोरांच्या वह्या एकमेकांना चिकटून एका लगद्यात बाहेर आल्या. घरच्या काकूंनी तो लगदा उन्हात ठेवला आणि दिवसभर त्यातून एकेक पान सोडवत राहिल्या. कुठलं पान कशाचं, हे शाई गेल्यावरही त्यांना कळत होतं.

आणि हत्ती. २००२ च्या सुमारास ते कर्नाटकातून दोडामार्गाच्या बाजूला उतरले, पुढं चंदगड, आजऱ्यात आले. आता पेपरात 'टस्कर' हा शब्द मराठीच होऊन बसला आहे. टस्करनं ऊस तुडवला, टस्करनं केळी पाडली, टस्कर अमक्या वाडीत. गवे तर गावाच्या कडेपर्यंत येतात. रात्री मळ्यात जागलीला बसणारी माणसं पुन्हा आली आहेत, डबे वाजवतात, फटाके लावतात. त्यांच्या बोलण्यात हत्तीला शिव्या असतात आणि त्याच वाक्यात 'गणपती' असतं. पंचनाम्याला आलेला माणूस टेपनं मोडलेला ऊस मोजतो. पलीकडं चिखलात परातीएवढी पावलं उमटलेली असतात, पाण्यानं भरलेली, आणि त्यात बेडकं.

ह्याची कादंबरी अजून कुणी लिहिलेली नाही. लिहील त्यानं निदान एक रात्र जागलीच्या मचाणावर काढावी. गेल्या पावसाळ्यात मी पुन्हा भडगावच्या पुलावर गेलो होतो. पाणी पुलाच्या बरंच खाली होतं. म्हातारा दिसला नाही. काठावर दोन पोरं उभी होती, एकाच्या हातात मोबाईल, त्यावर धरणाच्या विसर्गाचे आकडे. दुसऱ्यानं करंजाची फोक रोवलेली होती.